बाड, गाथा आणि मुक्तस्रोत : नामदेवांच्या अभंगसंग्रहाच्या प्रकाशनाचा इतिहास

१

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात गोरेगाव नावाचे गाव आहे. मुंबईच्या उपनगरातील गोरेगावाशी त्याचा नामसाम्यापलीकडे संबंध नाही. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्यापूर्वीचा या प्रदेशाचा इतिहास हैदराबाद संस्थानाचा आहे. १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. याच जिल्ह्यात कयाधू नदीच्या परिसरात नर्सी हे गाव असून संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ते परंपरेने मान्य आहे. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांची कथा ज्या औंढा नागनाथाशी निगडित आहे, ते क्षेत्रही याच जिल्ह्यात येते. सारांश, नामदेवांच्या चरित्राच्या आरंभीची भूमी आणि गोरेगावाची भूमी एकच आहे.

या भूमीतील वाचकाच्या हाती नामदेवांचा अभंग आजवर तीन मार्गांनी आला : कीर्तनकाराच्या मुखातून व त्याच्या बाडातून, मुंबई-पुण्यास छापलेल्या गाथेतून, आणि अलीकडे संगणकाच्या व दूरध्वनीच्या पडद्यावरून. पहिल्या दोन मार्गांविषयी संतवाङ्मयाच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. तिसऱ्याकडे मात्र केवळ सोय म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आहे. वस्तुतः काव्यसंग्रह महाजालावर प्रसिद्ध करणे हा पाठचिकित्सेचाच एक प्रश्न आहे. संग्रह नुसता दिसू लागल्याने तो प्रकाशित झाला असे होत नाही. तो कोणत्या आधारावरून सिद्ध केला हे वाचकास तपासता आले पाहिजे, त्यातील चूक दुरुस्त करता आली पाहिजे, आणि दुरुस्ती कोणी व केव्हा केली याची नोंद राहिली पाहिजे. या तिन्ही गोष्टी शक्य करणारी साधने मुक्तस्रोत आज्ञावलींच्या रूपाने आता उपलब्ध आहेत. त्यांचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी अगोदरच्या दोन अवस्थांचा विचार करणे आवश्यक आहे.

२

बाड म्हणजे अरुंद बाजूस शिवलेली लांबट वही. कीर्तनकार वा भजनी आपल्या उपयोगासाठी ती लिहीत असे. तीत नामदेवांच्या अभंगाशेजारी जनाबाईचा अभंग येई, मध्येच एखादी आरती वा आख्यान येई, आणि क्रम ठरे तो कीर्तनाच्या गरजेप्रमाणे. पोथी जशी पूजेसाठी व पारायणासाठी जपली जाते तसे बाडाचे नव्हते. ते वापरण्यासाठी होते. ख्रिश्चन ली नोव्हेत्स्की यांनी नामदेवांच्या परंपरेविषयी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा भेद सविस्तर मांडला असून, नामदेवांची स्मृती लेखनापेक्षा प्रयोगातून, म्हणजे कीर्तनातून, टिकली असे प्रतिपादन केले आहे.

लेखनाची जाणीव या परंपरेस नव्हती असे मात्र नाही. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले हे सांगणारा एक अभंग जनाबाईच्या नावावर आहे. त्यात ज्ञानदेवांचे लेखक चिदानंदबाबा, सावता माळ्याचा काशीबा गुरव आणि चोखामेळ्याचे अनंतभट्ट यांचे उल्लेख येतात. रचणारा एक व लिहिणारा दुसरा, ही गोष्ट परंपरेने उघडपणे नोंदवली आहे. म्हणजे संग्रह सिद्ध करणाऱ्याच्या श्रमाचे स्वतंत्र श्रेय तिला मान्य होते.

बाडाचा गुण असा की ते कोणासही उतरून घेता येई. त्यासाठी कोणाच्या अनुज्ञेची वा मोठ्या द्रव्याची गरज नसे. त्याचा दोषही येथेच उद्भवतो. उतरून घेताना शब्द बदले, जुने रूप जाऊन प्रचलित रूप येई, एखादे कडवे गळे वा वाढे, आणि या बदलांची खूण मागे राहत नसे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी नामदेवांचा काळ ज्ञानदेवांनंतर सुमारे शतकभराने मानला. त्याचे एक प्रमुख कारण असे की, उपलब्ध अभंगांची भाषा त्यांस ज्ञानेश्वरीहून अर्वाचीन वाटली. भाषेचे हे अर्वाचीनत्व कवीचे की उतरून घेणाऱ्यांचे, हा वाद त्यानंतर दीर्घकाळ चालला. ‘नामा’ ही मुद्रा पुढे विष्णुदास नामा व इतर कवींनीही वापरल्यामुळे कर्तृत्वाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला.

जन्मस्थानाचा वादही अंशतः असाच आहे. परंपरेतील ‘नरसी ब्राह्मणी’ हे ग्रामनाम भांडारकरांनी कऱ्हाडजवळच्या नरसिंगपूर-बहे परिसराकडे ओढले, इतरांनी ते आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सीशी जुळवले, तर काहींनी पंढरपूरचा पक्ष घेतला. एका ग्रामनामाच्या वाचनावर व अन्वयावर एका प्रदेशाचा सांस्कृतिक वारसा अवलंबून राहतो. पाठभेदांची नोंद ठेवणे हे पंडितांचे निरुपद्रवी व्यसन नव्हे, हे गोरेगावच्या परिसरातील वाचकास वेगळे सांगावयास नको.

याच कवीच्या पदांचा दुसरा एक प्रवाह पंजाबात स्थिरावला. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. गुरू ग्रंथसाहिबाच्या आजच्या प्रमाण मुद्रित प्रती १४३० पृष्ठांच्या असतात, त्यामुळे कोणतेही पद पृष्ठांकावरून निःसंदेह दाखवता येते. राजस्थानातील हस्तलिखितांत आढळणाऱ्या हिंदी पदांचे संपादन विनांद कालेवार्त व मुकुंद लाठ यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. ग्रंथसाहिबातील पाठ धार्मिक अधिकाराने स्थिर झाला. मराठी गाथा तशा एका अधिकाराखाली कधीच नव्हती, आणि म्हणून तिला संपादनाची गरज अधिक होती.

३

मराठी काव्यास मुद्रणाचे द्वार एकोणिसाव्या शतकात उघडले. १८५४ मध्ये परशुरामपंत गोडबोले यांचे ‘नवनीत’ प्रसिद्ध झाले आणि प्राचीन कवितेचे वेचे शाळांतून पोचू लागले. त्यानंतरचा मोठा टप्पा तुकारामांच्या गाथेचा. मुंबई सरकारच्या आश्रयाने विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली ही गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ अशा दोन खंडांत निघाली. तिच्यासाठी सरकारने २४,००० रुपये मंजूर केल्याचे सांगितले जाते. देहू, कडूस, तळेगाव व पंढरपूर येथील हस्तलिखितांचा आधार घेऊन पाठ ठरवल्याचे संपादकांनी नमूद केले. कोणत्या प्रतीवरून काय घेतले हे वाचकास सांगण्याची ही शिस्त मराठीत नवी होती.

नामदेवांच्या अभंगांचा मुद्रित संग्रह तुकाराम तात्या पडवळ यांनी १८९४ मध्ये मुंबईच्या तत्त्वविवेचक छापखान्यातून काढला. त्यात नामदेवांबरोबर त्यांचे कुटुंबीय व समकालीन संत यांचेही अभंग आहेत. एका बाडात अनेक संत नांदावेत ही जुनी रीत येथे मुद्रणातही उतरलेली दिसते. पुढे इतर संपादकांच्या आवृत्त्या निघाल्या, आणि नामदेवांच्या सातव्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९७० मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘श्री नामदेव गाथा’ प्रसिद्ध केली. आज विद्यापीठीय लेखनात संदर्भ दिला जातो तो बहुधा या गाथेचा.

मुद्रणाने पाठ स्थिर केला, प्रती सारख्या केल्या आणि संपादकास उत्तरदायी ठरवले. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. छापखाना मुंबई-पुण्यास, भांडवल शासनाचे वा दात्याचे, आणि दुरुस्ती व्हावयाची तर पुढच्या आवृत्तीत. नर्सीच्या परिसरातील एखाद्या भजनी घराण्याच्या बाडात निराळा पाठ असला, तरी तो संपादकापर्यंत पोचण्याचा मार्ग नव्हता. बाड सर्वांचे होते पण बेजबाबदार होते. गाथा जबाबदार होती पण दूर होती. प्रकाशनाच्या तिसऱ्या अवस्थेचे मूल्यमापन या दोहोंच्या संदर्भात करावे लागते.

४

संगणकावर मराठी आली ती प्रथम अनेक परस्परविसंगत संकेतांच्या रूपाने. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ ही सांकेतिक पद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तरीही पुढची अनेक वर्षे मराठी छपाईचे व्यवहार निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र टंकांवर चालले. या टंकांत ‘क’ या अक्षरामागे रोमन लिपीतील एखादे चिन्ह साठवलेले असे. तो विशिष्ट टंक संगणकावर नसेल तर अभंगाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे.

या प्रकारास मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एक जुने साम्य आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी त्या उलगडेपर्यंत ते वाङ्मय बाहेरच्या अभ्यासकांस बंद राहिले. महानुभावांचा संकेत हेतुपूर्वक होता, टंकांचा व्यापारातून आला. तथापि परिणाम एकच : किल्ली ज्याच्याजवळ, ग्रंथ त्याचा. १९९० नंतरच्या दोन दशकांत अशा टंकांत जुळवलेल्या कित्येक मराठी पुस्तकांचा संगणकीय मजकूर आज रूपांतर केल्याखेरीज वाचता वा शोधता येत नाही.

युनिकोडने ही अडचण मुख्यतः दूर केली, पण मराठीचे काही विशेष प्रश्न उरले. ‘वारकऱ्यांचा’ या शब्दातील अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतमालिकांनी साठवता येतो : एक ‘ऱ’ या अक्षरापासून, दुसरी साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, परंतु यंत्रास ते भिन्न शब्द वाटतात. म्हणून एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून भिन्न असल्याने टंक निवडतानाही दक्षता घ्यावी लागते. जुन्या मुद्रित गाथेतील अनुस्वार राखावेत की आजच्या लेखननियमांप्रमाणे गाळावेत, हा प्रश्न तर संपादकीय धोरणाचाच आहे. मूळ अनुस्वार एकदा गाळले की भाषेच्या अभ्यासकाचा पुरावा नष्ट होतो.

५

मुक्तस्रोत ही संज्ञा १९९८ पासून रूढ झाली, तरी त्यामागील विचार रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये आरंभिलेल्या चळवळीत आढळतो. आज्ञावलीचा मूळ पाठ सर्वांस पाहता यावा, बदलता यावा आणि वाटता यावा, हे तिचे सूत्र. बाड उतरून घेण्याच्या जुन्या रीतीशी त्याचे साम्य उघड आहे. फरक इतकाच की येथे प्रत्येक बदलाची नोंद राहते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली ‘गिट’ ही प्रणाली तर केवळ याच कामासाठी आहे. कोणत्या ओळीत कोणता फरक, कोणी व कोणत्या दिवशी केला, हे ती कायम जपते. आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी निर्माण झालेले हे साधन पाठचिकित्सकासही तितकेच उपयुक्त आहे.

काव्यसंग्रहाच्या प्रकाशनातील प्रत्येक पायरीसाठी अशी साधने आहेत. छापील पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखण्याचे काम ‘टेसरॅक्ट’ करते. ते मूळ ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झाले व २००५ मध्ये मुक्त करण्यात आले. मराठी त्यास येते, परंतु जुन्या खिळ्यांची जोडाक्षरे व अनुस्वार यांत ते चुकते, म्हणून मनुष्याने तपासणे अपरिहार्य आहे. अक्षरांसाठी एक टाइप या संस्थेच्या ‘मुक्त’सारखे टंक मुक्त परवान्याखाली मिळतात. पाठभेद नोंदण्यासाठी ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ या १९८७ पासूनच्या विद्वत्प्रकल्पाने ठरवलेली चिन्हपद्धती आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जे पाठभेद पृष्ठाच्या तळाशी दिले जातात, ते या पद्धतीत मजकुरातच अशा रीतीने गुंफता येतात की वाचक इच्छेप्रमाणे कोणत्याही प्रतीचा पाठ समोर आणू शकतो.

त्या महाभारताचा संगणकीय पाठही येथे उद्बोधक आहे. मुनेओ तोकुनागा यांनी क्योतो येथे तो टंकित केला, आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी त्याचे परिशोधन करून तो सर्वांस खुला केला. एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासून पुढे न्यावे, आणि दोघांची नावे राहावीत, हा या प्रकाशनाचा आदर्श होय.

मराठीत या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे मराठी विकिस्रोत. ते ‘मीडियाविकी’ या मुक्तस्रोत प्रणालीवर चालते. त्यात एका बाजूस मूळ पुस्तकाच्या पानाचे चित्र व दुसऱ्या बाजूस टंकित मजकूर ठेवता येतो. पान न तपासलेले आहे, एकदा तपासलेले आहे की दुसऱ्या व्यक्तीने प्रमाणित केलेले आहे, हे रंगाने दर्शवले जाते, आणि प्रत्येक पानाचा बदलांचा इतिहास खुला असतो. मुद्रिते तपासण्याचे जे काम पूर्वी छापखान्याच्या बंद दाराआड चाले, ते येथे वाचकाच्या डोळ्यांदेखत चालते.

६

तथापि महाजालावर जे काही मिळते ते सर्व या कसोटीस उतरते असे नाही. फुकट आणि मुक्त यांत भेद केला पाहिजे. संतांचे अभंग अनेक ठिकाणी विनामूल्य वाचावयास मिळतात, परंतु ते कोणत्या आवृत्तीवरून घेतले हे पुष्कळदा सांगितलेले नसते. एकाने टंकित केलेला मजकूर दुसरा उचलतो, तिसरा त्यात शुद्धलेखनाच्या नावाखाली फेरफार करतो, आणि पाच ठिकाणी आढळलेला पाठ पाच साक्षींनी सिद्ध झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात साक्ष एकच असते. बाडाचा जुना दोष येथे यंत्राच्या वेगाने वाढलेला दिसतो. पानांच्या नुसत्या चित्रांचे संचही अपुरे पडतात. त्यांत मूळ प्रत दिसते खरी, पण शब्द शोधता येत नाही व पाठांची तुलना करता येत नाही.

टिकाऊपणाचा प्रश्नही दुर्लक्षणीय नाही. ‘जिओसिटीज’ ही सेवा २००९ मध्ये बंद झाली तेव्हा जगभरातील असंख्य व्यक्तिगत पृष्ठे तिच्याबरोबर गेली. भारतीय अंकीय ग्रंथालयाचे मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले, परंतु त्यातील बरीच पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर उतरून ठेवल्यामुळे वाचली. त्यांत मराठी ग्रंथही आहेत. ज्याच्या प्रती अनेक, तो ग्रंथ वाचतो. हा नियम बाडाच्या काळी जितका खरा होता तितकाच आजही आहे, आणि मुक्त परवाना प्रती करण्याचा अधिकार देऊन त्या नियमास कायद्याचे बळ देतो.

कायद्याची मर्यादाही पाहिली पाहिजे. नामदेवांच्या अभंगांवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. तुकाराम तात्यांचे निधन १८९८ मध्ये झाले असल्याने त्यांची १८९४ ची आवृत्ती सर्वांस मोकळी आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे शासकीय प्रकाशनास प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे संरक्षण मिळते. त्या हिशेबाने १९७० च्या गाथेतील प्रस्तावना, टीपा इत्यादी संपादकीय भाग २०३० च्या अखेरीपर्यंत संरक्षित राहतो. तोपर्यंत मुक्त आवृत्ती सिद्ध करावयाची तर १८९४ चा पाठ पायाभूत धरून त्यावर हस्तलिखितांचे पाठभेद नोंदवणे हा निर्वेध मार्ग होय. शासनाने ही गाथा मुक्त परवान्याखाली दिल्यास हे काम अर्थातच पुष्कळ सुकर होईल.

७

या सर्व विवेचनाचा गोरेगावाशी संबंध असा. १८९४ मध्ये, किंवा १९७० मध्येही, या प्रदेशातील माणूस नामदेवांच्या गाथेचा वाचक वा श्रोता होऊ शके. तिच्या सिद्धतेत भाग घेणे त्यास दुष्कर होते. आता ती स्थिती राहिलेली नाही. एखाद्या घरी बाड असेल तर मालकाच्या संमतीने त्याच्या प्रत्येक पानाचे क्रमांकित छायाचित्र साध्या दूरध्वनीवर घेता येते. त्याचा मजकूर युनिकोडमध्ये, मूळ लेखनात फेरफार न करता, उतरवता येतो. १८९४ च्या गाथेशी तो ताडून भेद नोंदवता येतो, आणि हे सर्व एकाहून अधिक ठिकाणी मुक्त परवान्याखाली ठेवता येते. यांपैकी कोणत्याही पायरीस छापखान्याचे भांडवल लागत नाही. लागते ती चिकाटी आणि संपादनाची शिस्त. ती शिस्त शिकवण्याचे दायित्व विद्यापीठांच्या मराठी विभागांकडे येते. नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे क्षेत्र हिंगोली जिल्ह्यापर्यंत पोचते, हे या संदर्भात महत्त्वाचे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका बाडाचे असे संपादन करणे हा प्रबंधिकेचा सर्वथा योग्य विषय ठरेल.

अशा कामातून नामदेवांचा ‘मूळ’ पाठ हाती लागेलच असे म्हणता येणार नाही. शतकानुशतके गायल्या गेलेल्या काव्याच्या बाबतीत तशी अपेक्षा धरणेही कदाचित चुकीचे ठरेल. परंतु कोणत्या गावी, कोणत्या बाडात, अभंग कोणत्या रूपाने गायला जात होता, हे निश्चितपणे सांगता येईल. भांडारकरांच्या काळापासून चालत आलेल्या कालनिर्णयाच्या व कर्तृत्वाच्या वादांत आजवर मुख्यतः छापील गाथांच्या भाषेवरून अनुमाने केली गेली. त्यांस बाडांच्या प्रत्यक्ष साक्षीची जोड मिळेल. जुनी बाडे दिवसेंदिवस जीर्ण होत आहेत. वाळवी आणि ओल यांस संपादकीय वादांशी कर्तव्य नसते. साधने उपलब्ध आहेत आणि १८९४ चा पाठ मोकळा आहे. २०३० ची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही.